रंगाचे पैसे

आमच्या भागातल्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलावर काचेखाली दरपत्रक ठेवलेलं आहे. कागद पिवळा पडलाय, दोन-तीन ठिकाणी जुना आकडा खोडून वर नवा लिहिलाय. तपासणी, एक्स-रे, दात काढणे, दात साफ करणे, साधं सिमेंट, दाताच्या रंगाचं सिमेंट, रूट कॅनल, कॅप. वाट पाहत बसलेली माणसं कधी ना कधी उठून त्या टेबलापाशी जातातच. पाणी प्यायला उठल्यासारखं दाखवतात, पण वाचत असतात तो कागद. ‘साधं सिमेंट’पुढे ६०० आहे. ‘दाताच्या रंगाचं’पुढे ‘१५०० पासून’. त्या ‘पासून’वर नजर थांबते, मागे जाते, पुन्हा खाली येते.

एकदा असंच वाचून एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. सोबत दहावी-अकरावीतला मुलगा, गालावर हात. त्याला त्या हळू आवाजात म्हणाल्या, “साधंच भरून घेऊ. आतली दाढ आहे, कोण बघतंय? रंगाचे पैसे कशाला द्यायचे?”

त्यांचं म्हणणं माझ्या मनात बराच वेळ राहिलं. कारण आपण सगळे तसंच समजतो. एकाच भोकाला दोन भाव, आणि दोन्हींतला फरक दिसण्याचा. म्हणजे जादाचे पैसे हौसेचे. पुढच्या दाताला ठीक, मागच्याला चैन. माझ्या बाजूच्या दाढेत कीड निघाली आणि मी तिथल्याच डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारलं, की एवढा फरक नक्की कशाचा? डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, “काका, रंग तर त्यात फुकटच येतो. पैसे दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. करताना सांगते.”

आणि खरंच त्या सांगत गेल्या. तोंड उघडं आणि जीभ बाजूला दाबलेली असताना ऐकण्याखेरीज दुसरं काही करताही येत नाही.

सुरुवात मात्र रंगानंच होते. त्यांनी खणातून धातूची एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीनं खोटे दात लावलेले, प्रत्येकाला बारीक दांडी, दांडीवर खूण. ए-वन, ए-टू, ए-थ्री, मग बी, सी, डी. सगळे मिळून १६. जर्मनीतल्या व्हिटा कंपनीची ही पट्टी गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभरच्या दवाखान्यांत रंगाचं माप म्हणून वापरली जाते. खिडकीच्या उजेडात एकेक दात माझ्या ओठांपाशी धरून त्या पाहत होत्या. आरशात मीही पाहिलं. पांढराशुभ्र असा त्या सोळांत एकही नव्हता. कुणात तांबूस झाक, कुणात पिवळी, कुणात राखाडी. वय वाढतं तसं वरचं कवच झिजतं आणि आतला पिवळसर थर जास्त दिसू लागतो, म्हणून माझ्या वयाची माणसं बहुधा ए-थ्रीपाशी किंवा त्याच्याही पुढे असतात. हे सगळं दात ओला असतानाच ठरवायचं. दात कोरडा झाला की आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि निवड चुकते. माझ्या तोंडात इतकी वर्षं असलेल्या दातांना स्वतःचा असा एक ठराविक रंग आहे, तो ओळखता येतो, कागदावर लिहिता येतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

मग इंजेक्शन, मग ओठ जड होणं, मग दात कोरणाऱ्या एअरोटरचा तो आवाज. मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेणारं ते टोक कानापेक्षा कवटीलाच जास्त ऐकू येतं. पण ते फार थोडा वेळ चाललं. कीड लागलेला भाग गेला आणि आवाज थांबला. मला वाटलं, आता भरलं की झालं. खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

गालाच्या आत कापसाचे बोळे बसले, थुंकी ओढून घेणारी नळी ओठाला अडकली. मग निळ्या रंगाचं एक दाट अ‍ॅसिड खड्ड्याच्या कडांना लावलं. फॉस्फोरिक अ‍ॅसिड. पंधरा-वीस सेकंदांत धुऊन टाकायचं. तेवढ्यात ते इनॅमलच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पाडतं. वाळवल्यावर ती जागा पांढरट, निस्तेज दिसू लागते. आरशात मला दाखवली त्यांनी. त्या छिद्रांत बाँडिंगचं पातळ द्रावण शिरतं, त्यावर निळा उजेड पडला की ते आतच घट्ट होतं, आणि वरून येणारं सिमेंट त्याला पकडून बसतं. “इथे थुंकीचा एक थेंब लागला ना काका, की पुन्हा पहिल्यापासून. कोरडं राहिलं पाहिजे. सगळा खेळ कोरडं ठेवण्याचा आहे.”

तोंडासारख्या कायम ओल्या जागी बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा अर्धा तास कोरडा ठेवायचा. जिभेला तर उलट तिथंच जायचं असतं. रंगाचे म्हणून आपण जे पैसे मोजतो, त्यातले बरेचसे या कोरडेपणाचे असतात.

ही अ‍ॅसिडची युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेत रोचेस्टर इथं मायकेल ब्युओनोकोर नावाच्या दंतसंशोधकानं १९५५ साली ती मांडली. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी पृष्ठभाग फॉस्फोरिक अ‍ॅसिडनं धुतात, हे त्याला ठाऊक होतं. धातूवर चालतं ते दातावर का चालू नये, एवढाच त्याचा प्रश्न. दाताला आधी खडबडीत करायचं आणि मग चिकटवायचं, हे त्या काळी फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुढे रे बोवेन या दुसऱ्या अमेरिकन दंतवैद्यानं राळेचा नवा प्रकार तयार केला आणि त्यात काचेसारख्या खनिजाचे बारीक कण मिसळले. १९६२ साली त्याला पेटंट मिळालं. आज ज्याला कॉम्पोझिट म्हणतात ते त्याचंच वाढलेलं घराणं. चिकटवणं एकाचं, चिकटणारा पदार्थ दुसऱ्याचा. दोन्ही एकत्र आले तेव्हा कुठे दाताच्या रंगाचं फिलिंग टिकू लागलं.

त्याआधी होती चांदी. माझ्या आत्याच्या दोन दाढांत ती अजून आहे. गिरगावातल्या डॉक्टरांनी भरलेली. आत्या सांगते, ते छोट्या खलात पारा आणि चांदीची पूड घोटायचे, कापडात घालून जास्तीचा पारा पिळून काढायचे आणि मग दाढेत दाबून बसवायचे. त्या मिश्रणात जवळजवळ निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. आत्यानं त्या दाढांनी किती ऊस सोलून खाल्ला असेल, चकल्या फोडल्या असतील. अजून हलल्या नाहीत. पारा म्हटल्यावर घरातल्या तरुण मंडळींना धसका बसतो, पण व्यवस्थित बसलेली जुनी चांदी उगीच उकरून काढू नये असंच डॉक्टर सांगतात; उकरतानाच वाफ जास्त सुटते. चांदीला पर्याय शोधण्याची घाई जगाला झाली आहे ती मुख्यतः पाणी आणि मासे यांच्यामुळे. जपानमध्ये मिनामाता इथं कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत गेला, आणि १९५६ साली तिथल्या माणसांचा आजार उघडकीला आला. त्या गावाच्या नावानं २०१३ साली पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. युरोपीय संघातल्या देशांत २०२५ पासून चांदी भरणं, काही वैद्यकीय अपवाद सोडले तर, बंदच आहे.

पण चांदीची आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. चांदी चिकटत नाही. ती अडकवून ठेवावी लागते. म्हणून खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद करायचा, त्यासाठी चांगला, न किडलेला दातही कोरायचा. कॉम्पोझिट चिकटतं, म्हणून किडलेलं तेवढंच काढलं की भागतं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, आणि तो एकदाच तयार होतो. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, इनॅमल गेलं ते गेलं, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच असतात. तेव्हा ज्या पद्धतीत कणभरसुद्धा इनॅमल वाचतं, तिचे पैसे मला जड वाटत नाहीत. त्या बाईंना मी हे तेव्हा सांगायला हवं होतं असंही नाही. मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं.

साधं सिमेंट वाईट, असं मात्र अजिबात नाही. ते म्हणजे ग्लास आयोनोमर, लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट या दोघांनी १९७० च्या आसपास घडवलेलं. ते दाताला आपण होऊन धरतं, थोडी ओल सहन करतं, हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांना, हिरडीलगतच्या झिजेला ते उत्तम. फक्त दाढेवर रोजच्या भाकरीचा, चणे-शेंगदाण्यांचा भार पडला की ते लवकर झिजतं. कुठे कोणतं, हे खड्डा बघून ठरतं. त्या बाईंच्या मुलाला कदाचित साधंच योग्य असेल. पण ते खड्डा पाहून ठरायला हवं होतं, कागद वाचून ठरलं.

आता भरण्याकडे. मला वाटलं होतं, गोळा घेतील आणि दाबतील. पण कॉम्पोझिट कडक होताना आकसतं, घनफळानं शेकडा दोन-तीन. आकडा किरकोळ वाटतो, पण एकदम सगळं भरलं तर ते कडेनं सुटतं, केसाएवढी फट राहते आणि त्या फटीतून कीड पुन्हा आत जाते. शिवाय निळा उजेड फार खोल पोचत नाही. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर. थर लावा, आकार द्या, नारिंगी काच डोळ्यांपुढे धरा, निळा दिवा २० सेकंद. पुन्हा थर. त्या मिश्रणात उजेड पकडणारा जो पदार्थ असतो, कॅम्फरक्विनोन, तो कापरापासून बनवतात. देवघरातला कापूर आणि हे, मूळ एकच. निळा उजेड पडला की तोच सगळ्या राळेला घट्ट होण्याची चालना देतो. त्या चिंचोळ्या खोलीत, नारिंगी काचेच्या अलीकडे डोळे मिटून पडल्या पडल्या मला हे ऐकून फार आनंद झाला.

शेवटी निळा कागद दाढांमध्ये धरून “चावा, आता घासा.” जिथे ठिपका गडद उमटेल तिथे थोडं घासून काढायचं. पुन्हा चावा. दाढेच्या वरच्या खाचा त्यांनी हातानं कोरल्या होत्या, शेजारच्या दाढेकडे बघून. पॉलिश झाल्यावर आरसा दिला. कुठे भरलंय ते मला सापडेना. त्यांनी हत्याराच्या टोकानं कड दाखवली, तेव्हा दिसली.

‘पासून’चा अर्थ मग उलगडला. वरून एका बाजूला छोटा खड्डा असेल तर कमी. दोन दातांच्या मधोमध कीड असेल तर मध्ये धातूची पातळ पट्टी, पाचर, जास्त थर, म्हणजे जास्त वेळ. खड्डा नसेच्या जवळ गेलेला असेल तर खाली औषधाचं अस्तर. साहित्य महागडं, बहुतेक परदेशी. चार ग्रॅमची एवढीशी सिरिंज आणि बाटलीवर मुदतीची तारीख. खुर्ची, कॉम्प्रेसर, प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं निर्जंतुक करणं, पुण्यातलं भाडं. हे सगळं धरूनही मला वाटतं, त्या आकड्यात सगळ्यांत मोठा वाटा एका माणसाच्या वाकलेल्या मानेचा आणि न चुकणाऱ्या बोटांचा आहे. त्याला बिलात रकाना नसतो.

मेहेरगढची आठवण इथे येते. आजच्या पाकिस्तानात, बलुचिस्तानात, बोलन खिंडीजवळचं हे नवाश्मयुगीन गाव. तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांच्या मिळून ११ दाढांना भोकं पाडलेली सापडली. वय साडेसात ते नऊ हजार वर्षं. गारगोटीच्या टोकाचं गिरमिट, ज्यानं तिथले कारागीर मणी भोकायचे, त्याच तऱ्हेचं. भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ती माणसं नंतर जगली, जेवली. मणी भोकणाऱ्या हातांपुढे कुणीतरी तोंड उघडून बसला असेल आणि दुसऱ्यानं त्याचं डोकं धरलं असेल. बदल्यात काय दिलं असेल? धान्य, एखादं करडू, की नुसताच शब्द? ते कळायला मार्ग नाही. पण देणं-घेणं काहीतरी असणारच. कारण तेही काम फुकट होण्यासारखं नाही, वेळ खाणारं आहे.

वेळेचं देणं कुणाला चुकत नाही, ते फक्त इकडून तिकडे सरकतं. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे; नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे हेच काम खूप कमी पैशांत होतं. विद्यार्थी करतात, शिक्षक पायरी-पायरीला तपासतात, आणि काम बहुधा काळजीनं होतं. पण केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, पुढची तारीख. रोजावर जाणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो. दोन तारखा म्हणजे दोन रोज. तो हिशेब मांडला की खासगी दवाखान्याचा आकडा आणि हा आकडा फार लांब राहत नाहीत. मेडिक्लेमचाही उपयोग नाही. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसी दाताच्या अशा खर्चाला हात लावत नाहीत.

म्हणून माणसं तिसरा रस्ता धरतात. त्याच दवाखान्यात एक रिक्षावाले दादा म्हणताना ऐकले, “काढूनच टाका डॉक्टर. ५०० मध्ये कटकट मिटतेय.” डॉक्टर समजावत होत्या, दाढ भरण्यासारखी आहे, वाचेल. दादांचा जबडा सुजलेला नव्हता, दुखणंही फार नव्हतं. पण त्यांना धास्ती होती ती आज १५०० भरून उद्या पुन्हा दुखलं तर काय, याची. ती धास्ती खोटी नाही. कॉम्पोझिटही जन्मभर पुरत नाही. नीट निगा राहिली तर सात-दहा वर्षं, कधी जास्त. पण काढलेल्या दाढेच्या जागी शेजारच्या दाढा कलतात, समोरची खाली उतरते, एकाच बाजूनं चावायची सवय लागते. पुढे ती जागा भरायची तर इम्प्लांटचे २५-३० हजार किंवा त्याहून जास्त. गरिबाचा दात असा पाचशेत जातो आणि परत कधीच येत नाही. मला याचा राग येतो, आणि तो कुणा डॉक्टरवर नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला गेलो होतो तेव्हा साखर, दंतवैद्यक आणि गरिबाचे गेलेले दात एकाच नजरेत दिसले. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भांडवलावर उभा केलेला सहकारी साखर कारखाना तिथला, १९५० पासूनचा. त्याच परिसरात आज ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. आणि रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या. त्यांतल्या लहानग्यांचे पुढचे दात हिरडीपर्यंत काळे खुंट झालेले. पहाटे आई-बाप फडात जाताना हातात चहा-बिस्कीट, मधल्या वेळी पुन्हा चहा, हाताशी उसाचं कांडं. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली याला महत्त्व जास्त. दर खेपेला जंतू आम्ल बनवतात, आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. तो अर्धा तास मिळण्याआधीच पुढचा घोट. या मुलांसाठी दंत महाविद्यालयाच्या गाड्या कोप्यांपर्यंत याव्यात, हंगामात, संध्याकाळी, फडावरून माणसं परतल्यावर. कारखान्यांनी दर टनामागे चार आणे जरी यासाठी बाजूला काढले तरी पुष्कळ होईल असं मला वाटतं.

दातात खड्डा लहान असतो तेव्हा तो दुखत नाही, ही त्यातली सगळ्यांत कठीण गोष्ट. इनॅमलला संवेदना नाही. दुखायला लागेपर्यंत कीड खोल गेलेली असते. मग १५०० चं काम रूट कॅनलच्या साडेचार हजारांवर जातं, वर कॅपचे वेगळे. तेव्हा घरात कुणी “गार लागतंय”, “दाढेत अन्न अडकतंय” म्हणालं, तर लवंगेचा बोळा ठेवून आठवडे काढू नका. त्या आठवड्यातच घेऊन जा. दरपत्रक चोरून वाचू नका. खुर्चीत बसायच्या आधी मोकळेपणानं विचारा, की कोणतं भरणार, का, किती पैसे, आणि साधं चालेल का. चांगले डॉक्टर सांगतात.